जन्नतच्या मिरच्या

प्रदर्शनाच्या मांडवात जैनुद्दीन शिरला तो नुसता सावलीला म्हणून. हातात रॉकेलचा डबा होता, फेब्रुवारीचं ऊन टाळूवर बसत होतं, आणि शाळेच्या पटांगणात शेतकी खात्यानं कनाती लावून थंडगार बोळ करून ठेवला होता. कर्ण्यावरून कोणीतरी खताबद्दल एकसुरी बोलत होतं. नारळाच्या जाती, भाताच्या लोंब्या, कलम उभं चिरून दाखवलेलं. तो प्रत्येक टेबलाशी थांबल्यासारखं करत, खरं तर काहीच न बघता पुढे सरकत होता. बाहेर पडायच्या तोंडाशी, शेवटच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, काचेच्या बरणीतल्या पाण्यात एक शेंडा बुडवून ठेवला होता. तो त्याच्या परसातला होता. म्हणजे नसणार, एवढं त्याला कळत होतं. पण पानं तीच. कडा वरच्या अंगाला वळून होडीसारखी झालेली, शिरा जाडावलेल्या, पेरं इतकी आखडलेली की सगळी पानं एकाच गाठीतून फुटल्यासारखी दिसावीत. खाली पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : मिरचीवरील चुरडामुरडा. आपल्या घरातलं दुखणं कुणीतरी न विचारता उचलून आणावं आणि चारचौघांत मांडून ठेवावं, तसं त्याला झालं. त्यानं डबा या हातातून त्या हातात घेतला. आजूबाजूला पाहिलं. कुणाचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं.

संक्रांतीच्या सुमारापासून तो परसातली रोपं बघत होता, आणि तेव्हापासून मनाची समजूत घालत होता. पाणी कमी पडलं असेल. पाणी जास्त झालं असेल. खाडीवरून खारा वारा येतो. कधी त्याला वाटायचं, रोपांना हात ओळखू येत असणार. सारा जन्म त्याचा बोटीवर गेला होता; खलाशी म्हणून चढला आणि खलाशांवरचा टंडेल होऊन उतरला. दोरखंड, डांबर, गंज खरवडायची पाती, एवढंच त्या हातांना ठाऊक. माती त्यांनी धरली ती उतारवयात, आणि तीही जन्नत गेल्यावर. ती गेली तेव्हा त्याची बोट मोंबासाला नांगर टाकून होती. बातमी पोचेपर्यंत मातीसुद्धा होऊन गेली होती. पुढे तो कायमचा घरी आला, तेव्हा नातेवाइकांनी हातात किल्ली दिली आणि घरात सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त परसात, दगडी गडग्याच्या आडोशाला, मिरचीची झाडं पाण्यावाचून उभी होती. पानं झडून गेलेली, आणि काड्यांना लाल मिरच्या लटकत राहिलेल्या. तिनं लावलेल्या, तिनं न तोडलेल्या. त्यानं त्या एकेक करून ओच्यात घेतल्या होत्या. त्याला तेव्हा रडू आलं नव्हतं. त्या मिरच्यांचं बी काढून पावसाळा सरताच त्यानं वाफा केला, आणि मग दर वर्षी हेच. लोक म्हणायचे, जैनूभाईला आता शेतीचा नाद लागला. त्याला शेती येत नव्हती. त्याला फक्त तिचं एक काम मध्येच तुटू द्यायचं नव्हतं.

टेबलापलीकडे बसलेला शेतकी खात्यातला माणूस वयानं तरुण होता, साताऱ्याकडचा, पाटणकर नावाचा. या टेबलाशी फारसं कोणी थांबत नसावं, कारण जैनुद्दीन बरणीकडे टक लावून बघतोय म्हटल्यावर तो खुर्ची मागे सारून उठलाच.

"तुमच्याकडं आहे का हे, चाचा? आमच्याकडं बोकड्या म्हणतात याला."

"थोडा हाय," जैनुद्दीन म्हणाला. सगळा वाफाच गेलाय, असं त्याच्या तोंडातून निघेना. "यावर औषध काय?"

"औषध नाही."

"इंग्रजी पण नाय?"

"कुठलंच नाही." पाटणकरनं बरणी थोडी फिरवली. "हा व्हायरस आहे. डोळ्यांना दिसत नाही, झाडाच्या रसातच असतो. एकदा लागला की झाड बरं होत नाही. मरत पण नाही लवकर. हिरवं राहतं, आणि आपल्याला वाटत राहतं, आज ना उद्या सुधारेल. फूल येतं ते गळतं. आणि पांढरी माशी असते बघा, पानाच्या खालच्या अंगाला, पिठाच्या कणाएवढी. ती याचा रस पिते आणि शेजारच्या झाडावर जाऊन बसते. माशीवर तंबाखूचा काढा मारता येतो, डीडीटीची पूड धुरळता येते. पण लागलेलं झाड उपटायचं आणि जाळायचं. दुसरा इलाज नाही."

"आणि बी?"

"निरोगी झाडाचं घ्या. बियातून हा रोग उतरत नाही, असंच आजवर दिसलंय. वाफ्यावर मलमल ताणून बांधा. रोप कोवळं असतं तेव्हाच माशी घात करते. कडेनं मका दाट लावा. पण ते सगळं पुढच्या हंगामाचं. आधी आहे ते काढा." तो जरा थांबला. "शेजारी कुणाची मिरची आहे का?"

जैनुद्दीननं मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

घरापर्यंतची वाट त्यानं कशी चालून काढली ते त्याच्या ध्यानात राहिलं नाही. बियाचं गणित तेवढं डोक्यात फिरत होतं. या वर्षी पहिला वाफा कोंबड्यांनी उकरला होता, म्हणून राखून ठेवलेलं होतं नव्हतं तेवढं सगळं बी त्यानं दुसऱ्यांदा टाकलं होतं. घरात एक दाणा नव्हता. झाडं जाळली की जन्नतची मिरची संपली. या घरातून, या गावातून, जगातून म्हटलं तरी चालेल. बाजारात मिरच्या हव्या तितक्या होत्या. पण ही आखूड, टोकाशी किंचित मुरड घातलेली, सुकल्यावर काळपट होणारी. ती जन्नतला कुठून मिळाली होती, हेही त्यानं कधी विचारलं नव्हतं. काय काय विचारलं नव्हतं, याची यादी अलीकडे वाढतच चालली होती. लग्नाला इतकी वर्षं झाली म्हणून लोक हिशेब करत. पण त्यातली त्याच्या वाट्याला आली ती सुट्टीची. तो यायचा तेव्हा घराला चुना लागलेला असायचा, जन्नतच्या केसांना तेल, अंगावर घडी मोडलेले नवे कपडे, ताटात सुरमई. तो निघायचा तेव्हाही तेच, फक्त तिच्या तोंडावर एक कोरडा शहाणपणा आलेला. येणारी जन्नत आणि पोचवणारी जन्नत, या दोघी त्याला पाठ होत्या. मधली, रोजची, जी सकाळी उठून चूल सारवायची, जिला कंटाळा यायचा, जी एखाद्या दुपारी नुसती बसून राहत असेल, ती त्याला भेटलीच नव्हती. बोटीवर पहाऱ्याला उभा असताना तो तिची आठवण काढू बघायचा, तर ती नव्या कपड्यांतच समोर यायची, पाहुण्यासारखी. आणि आता एवढी वर्षं परसातल्या मिरच्यांशी वाकून वाकून त्याला वाटायला लागलं होतं, की ती रोजची जन्नत कुठे असेल तर इथे असेल. या आळ्यांत, या खुरपणीत, पाणी घालताना कंबर धरते तिथे.

गडग्यापलीकडे यमुनाबाईचा भाजीचा तुकडा होता. तिचा नवरा मागेच वारला होता. वांगी, मुळा, मिरची काढायची आणि टोपली घेऊन बाजारात बसायचं, यावर तिचं घर चालत होतं. जैनुद्दीन डबा पडवीत ठेवून थेट गडग्याशी गेला. आजवर त्यानं पलीकडे मुद्दाम पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. तिच्या मिरच्या गुडघ्याच्या वर गेल्या होत्या, फुलांनी भरल्या होत्या. पण गडग्याला लागून असलेल्या ओळीतल्या काही झाडांचे शेंडे आखडायला लागले होते. पानांच्या होड्या झाल्या होत्या. यमुनाबाई वांग्यांना पाणी लावत होती, ती कळशी ठेवून जवळ आली. त्यानं ऐकलं होतं ते सगळं तिला सांगितलं, जसंच्या तसं. माशी, रस, उपटणं, जाळणं. ती पदराला हात पुसत ऐकत राहिली.

"मला वाटलाच होता ह्यो रोग तुमच्याकडनं येतोय म्हणून," ती म्हणाली.

"मग बोललीस का नाय?"

"काय बोलू? जन्नतबायच्या मिरच्या त्या." तिनं आपल्या ओळीतला एक आजारी शेंडा चिमटीत धरून पाहिला, आणि सोडून दिला. "तुमी रोज पाणी घालता ते दिसतंय मला."

तिनं भांडण काढलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "उद्या काढतो सगळी. बी नाय माझ्याकडं, म्हणून जीव थोडा थोडा होतो, बाकी काय नाय."

"बी गोदाकडं आसेल की," यमुनाबाई सहज म्हणाली.

"कोण गोदा?"

"मिरजोळ्याची. गवताचं भारं घेऊन यायची न्हवं शहरात. भारा विकला की तुमच्या पडवीत बसायची, जन्नतबायपाशी. दोघी दुपारभर बसत. तिला रोपं दिलान जन्नतबायनं, एकदा काय दोनदा. तुमाला ठाव नाय?"

त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या पडवीत कुणी गोदा दुपारभर बसायची, वर्षानुवर्षं. तो घरी असताना ती येत नसणार, घरधनी आलाय म्हटल्यावर कोण येईल. त्याला नवल वाटलं, आणि नवलाच्या तळाशी हेवाही होता. म्हाताऱ्या माणसानं एका गवतवालीचा हेवा करावा, याची त्याची त्यालाच लाज वाटली. पण मग इतकं सगळं बोलून झालं असेल त्या दोघींचं. काय बोलल्या असतील?

सकाळी दव होतं तेव्हाच त्यानं सुरुवात केली. गारव्यात माशी सुस्त असते, असं निघताना पाटणकर म्हणाला होता. पान उलटं केलं की पांढरे कण दिसत, फुंकर मारली तर किंचित उडून परत तिथेच बसत. एवढ्याशा कणानं एवढं केलं. माशी उडू नये म्हणून तो प्रत्येक झाड खाली वाकवून ओल्या गोणत्यात घालत होता, मग मुळाशी धरून ओढत होता. झाडं सहज निघाली. ती अशी निमूट निघतील असं त्याला वाटलं नव्हतं. जरा तरी धरून ठेवतील अशी त्याची अपेक्षा होती. पलीकडे यमुनाबाईही आपली ओळ उपटत होती, आणि ती झाडं गडग्यावरून त्याच्याकडे देत होती. पेंढा खाली घालून त्यानं ढीग पेटवला. ओली झाडं आधी नुसती धुमसली, मग धूर बसका होऊन आळीत पसरला आणि त्यात मिरचीचा ठसका आला. आधी यमुनाबाईला खोकला लागला, मग त्याला, मग कुठल्या तरी घरातून भांडं आपटल्याचा आणि खोकल्याचा आवाज आला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते त्यानं पुसलं नाही. हात मिरचीचे होते.

त्या ठसक्यात त्याला तो दिवस आठवला. आठवला म्हणजे दिसला. मुंबईला बोटीचं इंजिन बिघडलं होतं, अकल्पित सुट्टी मिळाली होती, आणि काही न कळवता तो रत्नागिरीच्या बंदरात उतरून घरी आला होता. दार उघडंच. परसात जन्नत उखळावर मसाला कुटत बसलेली, अंगावर ठिगळ लावलेला विटका कुडता, केस फडक्यात बांधलेले, नाक लाल, डोळ्यांतून धारा. तिनं वर पाहिलं आणि ती आधी रागावली. सांगून यायचं नाय काय, म्हणाली. घरात माशाचं काही नाय, पाणी पण भरलेलं नाय. तो हसला तशी तिलाही हसू फुटलं, आणि ती उठली, पण जवळ येईना. दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभी राहिली, कोपरापर्यंत लाल. डोळे पुसून दे माझे, म्हणाली. त्यानं आपल्या बाहीनं तिचे डोळे पुसले होते. त्या रात्री तिनं हातांना खोबरेल चोळलं होतं तरी आग थांबली नव्हती. त्याला लागू नयेत म्हणून ती हात उशाकडे वर टाकून झोपली, शरण आलेल्या माणसासारखे. दोनच दिवसांत बोट दुरुस्त झाल्याचा निरोप आला. एवढाच एक रोजचा दिवस त्याच्या वाट्याला आला होता, तोही चुकून. आणि तेव्हा, तो दिवस चालू असताना, त्याला वाटलं होतं की अशी विटक्या कपड्यांतली बायको बघायला लागली, ही जरा गैरसोयच झाली. हे आठवून तो धुरातच उभा राहिला. राखेवर पाणी मारायचं यमुनाबाईनंच केलं.

आंघोळ केली, कपडे धुवायला टाकले, आणि दुसरे घालून तो मिरजोळ्याच्या वाटेला लागला. जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यावरून ऊन अंगावर येत होतं. गोदाचं घर विचारत विचारत सापडलं. वाडीच्या टोकाला, काजूंच्या खालच्या अंगाला. वाटेत तो काय बोलायचं ते जुळवत आला होता, पण घराच्या कडेचा तुकडा आधी दिसला आणि सगळं विसरला. आजूबाजूला दुसऱ्या कुणाची मिरची नव्हती, मोकळा वारा होता, आणि त्यात ती उभी होती. रुंद, सपाट, तकतकीत पानांची, आखूड मिरच्यांनी लगडलेली, टोकाशी मुरड असलेली. पान असं असतं, हे तो विसरून गेला होता. त्यानं एक पान उलटं करून पाहिलं. खालचं अंग स्वच्छ होतं.

"कोण ओ?"

पन्नाशीची, काळी, काटक बाई कोयता घेऊन दारात उभी होती. त्यानं नाव सांगितलं. ती काही क्षण त्याला खालून वर बघत राहिली, आणि मग कोयता दाराला टेकवून ठेवला.

"म्हंजे तुमी ते, भावजी."

भावजी. या नात्यानं त्याला कधी कोणी हाक मारली नव्हती. जन्नतला बहीण नव्हती.

"तुमी लय उंच आसाल आसा वाटलेला मला," गोदा म्हणाली. "ती बोलायची, दारातनं येताना वाकून येतात."

तो उंच नव्हता. बोटीवरची दारं ठेंगणी, तिथे डोकं वाचवायची सवय. घरी आला तरी मान आपोआप खाली जायची. घराची चौकट त्याच्या डोक्याच्या वर वीतभर होती. हे जन्नतनं पाहिलं होतं, ध्यानात ठेवलं होतं, कुणाला तरी सांगितलं होतं. त्याला एकदम बसावंसं वाटलं. गोदानं पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा आणून ठेवला.

त्यानं आपल्या वाफ्याचं सांगितलं, बी मागितलं. ती लगेच उठली. "त्यात काय मागायचं? तुमच्याच घरची हाय ती." तुकड्यात जाऊन तिनं पिकलेल्या, सुरकुतायला लागलेल्या मिरच्या तेवढ्या निवडून तोडल्या, आणि पानात बांधून त्याच्यासमोर ठेवल्या. काम झालं होतं. पुढे पावसाळा सरल्यावर त्यानं त्या बियांचा वाफा केला, चार खुंट्या ठोकून वर मलमल ताणली, गडग्याच्या कडेनं मका लावला, आणि त्या सालच्या रोपांतली निम्मी त्यानं यमुनाबाईला दिली; एक-दोन झाडं आखडली ती दिसल्याबरोबर उपटली. ते सगळं नीट झालं. पण त्या दिवशी, मिरच्या समोर असताना, त्याला उठवेना. बी न्यायला आपण आलोच नव्हतो, असं त्याला वाटायला लागलं.

"तुमचं दोघींचं काय बोलणं व्हायचं?" त्यानं विचारलं, आणि विचारताना तांब्याकडेच पाहिलं.

गोदा हसली. "बायांचं काय बोलणं? माझा घोव मुंबैला गिरणीत, तिचा दर्यावर. कधी बोलत व्हतो, कधी नुसत्याच. कधी कधी ती पण यायची हितं, माझ्यासंगती चालत."

"इथं? मिरजोळ्याला?"

"हां. त्या फणसाखाली बसायची, कातळावर. मी गवत कापायची नि ती बसून ऱ्हायची. एकदा मी बोलले, बाय, एवढं उन्हाचं चालत येतेस कशाला? घराकडं वारा काय कमी हाय? तर काय बोलली ठाव हाय?" गोदानं फणसाकडे पाहिलं. "बोलली, हितनं दर्या दिसत नाय."

कितीतरी वर्षं, कुठल्याही बंदरात, डेकवर उभं राहून तो एकच चित्र बघत आला होता : पडवीच्या खांबाला टेकून जन्नत उभी आहे आणि तिचे डोळे दर्याकडे लागले आहेत. त्या चित्राच्या आधारानं त्यानं वादळं काढली होती. आणि ती इकडे पाठ फिरवून, उन्हातान्हाचं चालत, जिथून पाणी दिसणार नाही अशी जागा शोधून बसत होती. दिवसभर समोर दिसत राहणाऱ्या त्याच्या नसण्याला जरा वेळ डोळ्यांआड करायला. त्याला आधी दुखलं. मग त्याला तिच्याबद्दल इतकं वाटलं, जितकं ती जिवंत असताना एका वेळी कधी वाटलं नव्हतं. ही ती रोजची जन्नत. ही त्याला आज भेटत होती, आणि आता तिला सांगायला जागा नव्हती, की मलाही तिथे दर्या नकोसा व्हायचा.

तो उठला, फणसाखाली गेला आणि कातळावर बसला. समोर कापलेल्या भाताचे कुणगे, त्यापलीकडे काजूंनी भरलेली टेकडी, आणि टेकडीवर नुसतं आभाळ. वारा होता, पण त्याला खारा वास नव्हता. एक गाय सावकाश चरत होती. इथे काहीही कुठून येणार नव्हतं, काही कुठे निघून जाणार नव्हतं. कातळ उन्हानं तापलेला होता आणि ती ऊब त्याच्या अंगात चढत होती.

बऱ्याच वेळानं गोदा मिरच्यांची पुडी घेऊन तिथे आली. "भावजी, वाट लांबची हाय. निघायचं नाय?"

"ती किती वेळ बसायची?" त्यानं विचारलं.

"ऊन उतरंपत्तूर."

"मग उतरू दे," जैनुद्दीन म्हणाला, आणि तिला बसायला व्हावं म्हणून कातळावर जरा बाजूला सरकला.